विसर्जन मिरवणुकीवर ड्रोन उडवताना या चुका टाळा

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक वरून पाहिली की डोळ्यांचं पारणं फिटतं. पण त्या शॉटखाली हजारो माणसं खेटून उभी असतात आणि त्यांना बाजूला व्हायला जागा नसते. दरवर्षी नवी मुलं हौसेनं या कामात उतरतात. बहुतेकांचा हात चांगला असतो. घोळ होतो तो उड्डाणाआधी, जमिनीवर.

मंडळाचं पत्र पुरत नाही

"चौकी आपल्या ओळखीची आहे, बिनधास्त उडवा," असं कार्यकर्त्यानं सांगितलं की काम झालं, हा समज आधी डोक्यातून काढा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल झोनमध्ये वाटलेलं आहे. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंत लाल, पाच ते आठ किलोमीटर पिवळा. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासून २०० फुटांपर्यंत हिरवा, त्याच्या वर पुन्हा पिवळा. पिवळ्या झोनमध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लालमध्ये केंद्र सरकारची.

शनिवारवाडा लोहगाव विमानतळापासून सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटरवर आहे. ऐकून हायसं वाटतं. पण नियमातलं अंतर विमानतळाच्या हद्दीपासून मोजतात, धावपट्टीच्या मध्यापासून नाही. त्यामुळे मध्य पुणं आठ किलोमीटरच्या रेषेच्या अगदी जवळ येतं, आणि लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. म्हणून अंदाजानं ठरवू नका. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा झोनचा नकाशा काम घेताना पाहा आणि उड्डाणाच्या दिवशी पुन्हा पाहा, कारण पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. बंदोबस्ताच्या दिवसांत ही शक्यता धरूनच चाला.

मुंबईत जपून राहायला हवं. तिथले पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी काढतात, आणि गेटवे ऑफ इंडियाच्या तर शेजारीच नौदलाचा परिसर आहे. शनिवारवाड्याबाबत आणखी एक गोष्ट राहून जाते: ती वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. पोलिसांची परवानगी हातात असली तरी तिथल्या चित्रीकरणासाठी सर्वेक्षणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

पैसे घेऊन काम करणार असाल आणि ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल, तर रिमोट पायलट सर्टिफिकेट आणि थर्ड पार्टी विमा हवाच. दोन्हीच्या छापील प्रती खिशात ठेवा. त्या गर्दीत मोबाईलचं नेटवर्क मिळेल या भरवशावर राहू नका.

गच्चीवरून उडवताना

मिरवणुकीत टेक-ऑफला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे एखाद्या इमारतीची गच्ची, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

पहिली चूक होकायंत्राची. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात, वर पत्र्याची शेड, पाण्याच्या टाकीचा सांगाडा. तिथे थेट जमिनीवर ठेवून ड्रोन चालू केला की कंपास एररचा इशारा येतो. मग घाईघाईनं त्याच जागी कॅलिब्रेशन, म्हणजे होकायंत्राची नव्यानं जुळणी, केलं जातं आणि चूक पक्की होते. वर गेल्यावर ड्रोन एका जागी स्थिर राहण्याऐवजी गोल गोल घिरट्या घालायला लागतो. कॅलिब्रेशन सकाळी मोकळ्या मैदानात उरकून घ्या. गच्चीवर लाकडी टेबल किंवा प्लॅस्टिकच्या क्रेटवरून टेक-ऑफ करा. इशारा गेला नाही तर जागा बदला.

दुसरी चूक उंचीची. स्क्रीनवर दिसणारी उंची टेक-ऑफच्या जागेपासून मोजलेली असते. १५ मीटर उंच गच्चीवरून निघालात आणि मर्यादा ६० मीटरची असेल, तर स्क्रीनवर ४५ दिसलं की थांबायचं. हे गणित सोपं आहे, पण ढोल वाजत असताना सुचत नाही. म्हणून ॲपमध्ये कमाल उंची आधीच बांधून टाका.

तिसरी चूक याच गणितातून निघते. सिग्नल तुटल्यावर ड्रोन घरी परतण्यासाठी जी उंची गाठतो, ती प्रत्येक जागेसाठी वेगळी भरावी लागते. मागच्या कामातली तशीच राहिली आणि ती २० मीटर असेल, तर तो शेजारच्या इमारतीवर आदळेल; १०० असेल, तर परवानगीच्या वर. आसपासची सगळ्यात उंच गोष्ट बघा. मोबाईल टॉवर, जाहिरातीचे सांगाडे, सगळं धरा. रात्री सेन्सरवर विसंबू नका. अंधारात अडथळे ओळखणारे कॅमेरे जवळजवळ निकामी होतात, आणि केबलच्या तारा किंवा मांडवाच्या दोऱ्या तर त्यांना दिवसाही नीट दिसत नाहीत.

सिग्नल तुटतो म्हणजे काय होतं

२२ डिसेंबर २०१५ रोजी इटलीत मॅडोना दी कॅम्पिलिओ इथे मार्सेल हिर्शर हा स्कीपटू शर्यतीत उतारावरून येत असताना चित्रीकरणाचा ड्रोन त्याच्या अगदी मागे कोसळला. जरासा फरक असता तर तो त्याच्या अंगावरच पडला असता. फ्रिक्वेन्सीवर आलेला जोरदार अडथळा हे संभाव्य कारण म्हणून पुढे आलं, आणि स्कीच्या जागतिक महासंघानं शर्यतींवर ड्रोन उडवायला मनाई केली. तो मोकळा डोंगर होता. इथे तर हजारो मोबाईल, वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन, वायरलेस माइक, प्रत्येक गॅलरीतलं वायफाय, आणि यातली बरीच गर्दी ड्रोनच्याच २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झवर. दुपारी रिकाम्या रस्त्यावर चाचणी घेऊन "सिग्नल मस्त आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही. चाचणी गर्दी जमल्यावर घ्या, तीही जवळच्या अंतरावर.

यावरून एकच नियम पाळायचा: ड्रोन कधीही थेट माणसांच्या डोक्यावर आणायचा नाही. रस्त्याच्या कडेच्या इमारतींच्या छपरांवरून, नदीपात्रावरून उडवा आणि कॅमेरा तिरका ठेवा. तिरक्या कोनात पथकाच्या रांगा, रथ आणि चौक एकमेकांत गुंफलेले दिसतात. सरळ खाली पाहणारा शॉट मला तरी नेहमी सपाट वाटतो. खाली उतरून जवळचा शॉट घ्यायचा मोह झाला तर पथकाचे ध्वज आठवा. ध्वज नाचवणारा वर बघत नसतो, आणि काठी कधी उसळेल ते सांगता येत नाही.

लेसरच्या झोतापासून कॅमेरा वाचवा. झोत थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपका उमटू शकतो, आणि तो बहुधा घरी मोठ्या पडद्यावर पाहतानाच लक्षात येतो. समोर लेसर दिसला की कॅमेरा वळवा, शॉट गेला तरी चालेल.

थेट प्रक्षेपण असेल तर

ड्रोनचं फीड स्विचरवर, म्हणजे कॅमेऱ्यांची चित्रं निवडणाऱ्या यंत्रावर, घेताना दोन गोष्टी हमखास राहतात. एक, रिमोटच्या आउटपुटवर बॅटरी आणि उंचीचे आकडे तसेच दिसत राहतात. क्लीन फीडचा, म्हणजे आकड्यांशिवायच्या चित्राचा, पर्याय आधी शोधून ठेवा. दुसरी, उशीर. ड्रोनचं चित्र जमिनीवरच्या कॅमेऱ्यांपेक्षा मागे असतं, त्यामुळे ढोलावर टोल पडतो आधी आणि दिसतो नंतर. दोन्ही कॅमेऱ्यांसमोर एकदा टाळी वाजवून फरक फ्रेममध्ये मोजा आणि बाकीचे कॅमेरे व आवाज तेवढा मागे घ्या.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा. रोषणाई लुकलुकत असेल तर १/१०० करून बघा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक मांडवासमोर चित्राचा रंग बदलेल.

बॅटरी ३० टक्क्यांवर आली की उतरा. मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते, म्हणून दोन पायलट, एक स्पॉटर (ड्रोनवर नजर ठेवणारा) आणि चार्जिंगची पक्की सोय ठरवूनच काम घ्या. मांडवाच्या जनरेटरवर चार्जर थेट लावू नका, मध्ये स्टॅबिलायझर हवा. भाद्रपदातली सर कधीही येते, आणि बहुतेक ड्रोन पाण्यासाठी बनलेले नसतात. पहिला थेंब पडला की परत बोलवा.

काम संपल्यावर गुलाल पुसायला ओलं फडकं वापरू नका, रंग मोटरच्या फटींत आणखी आत जातो. आधी ब्लोअरनं हवा मारा, मग कोरड्या मऊ ब्रशनं गिंबलचे, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाचे, सांधे झाडा. प्रोपेलर बोटानं फिरवून बघा. खरखर ऐकू आली तर ती मोटर बदलल्याशिवाय पुन्हा गर्दीजवळ उडवू नका.