नैरोबी नॅशनल पार्क एका दिवसात: खरं काम आदल्या संध्याकाळच्या फोनवर

नैरोबीतल्या मराठी घरात पाहुणे उतरले की दुसऱ्या दिवशी प्रश्न ठरलेला: "ते शहरातलं पार्क बघायचं, की सरळ मसाई माराला जायचं?" माराला निदान तीन दिवस हवेत. हातात एकच दिवस असेल, परतीचं विमान रात्रीचं असेल किंवा कंपनीच्या कामातून एखादा शनिवार सुटला असेल, तर नैरोबी नॅशनल पार्क. शहराच्या मध्यापासून जेमतेम सात किलोमीटर, आकार सुमारे ११७ चौरस किलोमीटर, १९४६ साली झालेलं केनियाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. सिंह, बिबळ्या, रानरेडे, काळे आणि पांढरे गेंडे, जिराफ, झेब्रे, सगळं मोकळं. "म्हणजे मोठं प्राणिसंग्रहालयच की," असं म्हणणारे भेटतात. शहराकडच्या तीन बाजूंना कुंपण आहे हे खरं, पण दक्षिणेची बाजू उघडी आहे आणि जनावरं तिथून येतात-जातात. रानात फिरणारे हत्ती मात्र इथे नाहीत. वाघ तर अख्ख्या आफ्रिकेतल्या रानात नाही. हे मुलांना विमानातच सांगून ठेवा, आणि काही मोठ्यांनाही.

कधी जायचं

जानेवारी-फेब्रुवारी किंवा जुलै ते ऑक्टोबर. कोरड्या महिन्यांत बाहेरच्या मैदानांतली जनावरं पाण्यासाठी पार्कात येतात, पाऊस पडला की दक्षिणेला पांगतात. मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरच्या आसपास छोटा. पावसाची दुसरी अडचण पायाखाली आहे. इथली बरीच जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्यासारखी काळी, कपाशीची. भिजली की चाक नुसतं गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. शेतात अशी गाडी रुतली तर चारजण उतरून धक्का मारतात. इथे उतरायलाच बंदी आहे, आणि ती का आहे ते सांगायला नको. त्यामुळे पावसात फोर बाय फोर नसेल तर बेत रद्द करा.

तिकीट

रोख पैसे चालत नाहीत. तिकीट केनिया सरकारच्या ई-सिटिझन पोर्टलवर, कार्डाने किंवा एम-पेसाने (मोबाइलवरून पैसे भरायची इथली सोय), आणि तेही आदल्या दिवशी घरी बसून काढायचं. मुख्य गेटाशेजारी सफारी वॉक आणि अ‍ॅनिमल ऑर्फनेज अशी आणखी दोन ठिकाणं आहेत, त्यांची तिकिटं वेगळी. यादीत तिन्ही नावं दिसतात आणि घाईत भलतंच निवडलं जातं. मग पहाटे गेटवर कळतं की आपण पिंजऱ्यातल्या जनावरांचे पैसे भरलेत. केनियाचे नागरिक, इथले रहिवासी आणि परदेशी पाहुणे यांचे दरही वेगवेगळे. तुमच्याकडे वर्क परमिट असलं तरी पुण्याहून आलेल्या सासूबाई परदेशी पाहुण्यांतच मोडतात, त्यांना रहिवाशांच्या दरात बसवायला जाऊ नका. दर बदलत राहतात, म्हणून कुणाच्या ब्लॉगवरचा आकडा धरू नका. गाडीचं प्रवेशशुल्क निराळं, तिच्यातल्या सीटच्या संख्येप्रमाणे.

गाडी आणि ड्रायव्हर

सगळा दिवस इथे ठरतो, आणि याबद्दलच सर्वांत वाईट सल्ले फिरतात. "हॉटेलवाल्याला सांगा, तो करून देईल." करून देतो की! पण काय करून देतो ते सकाळी कळतं.

ताडोबा पाहिलेल्या माणसाला वाटतं की इथेही तसंच असेल: ठरलेली जिप्सी, सहा पर्यटक, गेटवर नेमून दिलेला गाइड, सकाळची आणि दुपारची फेरी. इथे यातलं काही नाही. पार्क सकाळी सहा ते संध्याकाळी सहा उघडं, कुणीही आपली गाडी घेऊन आत जाऊ शकतो, बरोबर गाइड असलाच पाहिजे असा नियम नाही. म्हणजे ताडोब्यात वनखातं जे ठरवतं ते इथे तुम्हाला ठरवावं लागतं, आणि ठरवायची वेळ म्हणजे आदल्या संध्याकाळचा फोन. सकाळी साडेपाचला अंधारात उभं राहून घासाघीस करून काही हाती लागत नाही. तेव्हा गरज तुम्हाला असते, त्याला नाही.

आधी गाडी. साधी सेडान घेऊन जायला परवानगी आहे आणि कोरड्या दिवसांत मुख्य रस्त्यांवर ती चालतेही, पण तिच्या खिडक्या गवताच्या उंचीला येतात. पावसानंतर गवत कमरेएवढं झालेलं असेल तर तासन् तास गवतच बघाल. छप्पर वर उचलणारी व्हॅन किंवा लँड क्रूझर हवी. "सेव्हन सीटर" या शब्दावर भाळू नका. सातजण बसतात, पण सातही खिडकीला बसतात का, हे विचारा. मधल्या सीटवर कोंबलेला माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या खांद्यांमधून आफ्रिका बघतो. आम्ही पाचच्या वर माणसं एका व्हॅनमध्ये घालत नाही, त्यात आजी-आजोबा असतील तर चार.

त्याच गाडीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, नंबरप्लेट दिसेल असा आणि छप्पर उघडलेलं. कंपनीच्या जाहिरातीतला फोटो उपयोगाचा नाही. एकदा एका एजंटाने लँड क्रूझरचे पैसे घेतले आणि दारात व्हॅन उभी केली. तिच्या छपराचा खटका मोडलेला, दोरीने बांधून ठेवलेला. घरात काका-काकू, आत्या, दोन पोरं कपडे करून तयार. अशा वेळी माणूस "जाऊ दे, आता चला" म्हणतो, आणि हे एजंटाला पक्कं ठाऊक असतं.

मग वेळ. "सकाळी सहाला" एवढंच सांगितलं तर ड्रायव्हर सहाला तुमच्या दारात येतो आणि गेटवर पोचेपर्यंत सात वाजून जातात. "सहाला गेटच्या आत" असं सांगा आणि घरून किती वाजता निघायचं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. थोडी स्वाहिली शिकलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट: स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून चालतं, सकाळचे सात म्हणजे "सा मोजा", पहिला तास. हौसेने "सा सिता" म्हणालात तर तुम्ही त्याला दुपारी बारा वाजता बोलावलंत. वेळ इंग्रजीत ठरवा आणि मेसेजमध्ये लिहून पाठवा.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी बोलत नाही. ड्रायव्हरला आदल्या दिवशीच स्वच्छ सांगायचं: सिंहामागे धावायचं नाही. हे ऐकून घरचे तुमच्याकडे खुळ्यासारखे बघतील, बघू द्या. सगळ्या ड्रायव्हरांचं रेडिओवर किंवा मोबाइलवर एकमेकांशी बोलणं चालू असतं. कुठे "सिंबा" दिसला की खबर पसरते आणि अर्ध्या पार्कातल्या गाड्या तिकडे सुटतात. त्या धावपळीत तुम्ही गेंड्याला मागे टाकता, शहामृगांच्या कळपाला मागे टाकता, नाकातोंडात धूळ घेता आणि पोचता तेव्हा गाड्यांच्या रिंगणात गवतातून सिंहिणीच्या शेपटीचा गोंडा तेवढा हलताना दिसतो. ड्रायव्हरची चूक नाही यात. मागच्या सीटवरून दर दहा मिनिटांनी "लायन? लायन?" होत असेल तर तो बिचारा दुसरं काय करणार? बक्षिसी सिंहावर ठरते हे त्याला अनुभवाने माहीत असतं.

त्याऐवजी मागायचे ते गेंडे. गेंड्यांसाठी हे पार्क नावाजलेलं आहे आणि एका सकाळीत ते दिसण्याची आशा धरायला हरकत नाही. माझं फोनवरचं बोलणं साधारण असं असतं: सहाला आत, झाडीत न रेंगाळता थेट मोकळ्या मैदानात, गेंडे आधी, एखाद्या धरणावर वीस मिनिटं थांबा, मी सांगेन तेव्हा इंजिन बंद, मग हिप्पो पूल्स, दहा-अकराला बाहेर. सिंह वाटेत आला तर उत्तम. आणि बक्षिसी सिंह दिसो न दिसो सारखीच मिळेल. हे शेवटचं वाक्य विसरू नका, त्याने ड्रायव्हरचा जीव भांड्यात पडतो आणि तो खरोखर बघायला लागतो. इथल्या चांगल्या ड्रायव्हरची नजर म्हणजे काय चीज आहे, ते तेव्हा कळतं.

फोन ठेवण्यापूर्वी पैशांचं बोलून घ्या: गाडीचं प्रवेशशुल्क धरलंय का, पेट्रोल धरलंय का, दुपारनंतर थांबलो तर किती. हे सगळं मेसेजमध्ये.

काय न्यायचं

स्वेटर. आफ्रिका म्हणजे उकाडा असं मनात धरून लोक पातळ टी-शर्टवर येतात. नैरोबी समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरच्या वर आहे, जुलैतल्या पहाटे उघड्या छपरातून वारा लागला की दात वाजतात. दुर्बीण माणशी एक नाही तर निदान दोघांत एक. डबा स्टीलचा, पाणी स्टीलच्या बाटलीत. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे आणि राष्ट्रीय उद्यानांत ५ जून २०२० पासून एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवरही, बाटल्यांसकट. दशम्या, धपाटे, कोरडी चटणी न्या. रस्सा नको, रस्त्यांना खड्डे आहेत. लघवीला गेटवरच जाऊन घ्या.

आत गेल्यावर

मुख्य गेटाच्या बाजूला झाडी आहे. ती परतीच्या वाटेवर बघा, कारण पहिला तासभर मैदानाचा. थंड सकाळी सिंह कधीकधी रस्त्याच्या कडेलाच पसरलेले असतात, मागे न लागता दिसायचे ते असेच. झेब्रे किंवा कोंगोनी (इथलं एक मोठं हरीण) चरायचं थांबवून सगळे एकाच दिशेला कान टवकारून बघत असतील तर गाडी थांबवा आणि ते बघतात तिकडेच बघा. माकडाच्या कॉलवरून वाघाचा अंदाज घेणाऱ्या ताडोबाकरांना हे शिकवायला नको.

इंजिन बंद करा म्हणतो ते फोटो हलू नये एवढ्यासाठीच नाही. पांढरा गेंडा गवत खातो, मान खाली, रुंद सपाट तोंड जमिनीला लागलेलं. तो जवळ असेल आणि इंजिन बंद असेल तर गवत तुटल्याचा खर्र-खर्र आवाज गाडीत ऐकू येतो. कान मात्र सतत फिरत असतात, एक पुढे, एक मागे. काळा गेंडा झुडपांचा पाला खातो, त्यासाठी त्याचा वरचा ओठ टोकदार असतो. दोघांचा रंग एकसारखा मातकटच, तेव्हा रंगावरून ओळखायला जाऊ नका, मान कुठे आहे ते बघा. काळा लाजरा आणि तापट, त्याच्याजवळ न्यायचा आग्रह ड्रायव्हरला करू नका.

जिराफामागे नैरोबीच्या उंच इमारती, हा फोटो सगळ्यांना हवा असतो. त्यासाठी मैदानाच्या दक्षिण बाजूला जाऊन उत्तरेकडे तोंड करा, सकाळचं ऊन उजवीकडून येतं. चौकटीत रेल्वेचा लांबलचक पूल येतो म्हणून कुरकुर करणारे असतात. मला त्या खांबांमधून जाणारे जिराफ आवडतात, पण तो वादाचा विषय आहे आणि पार्कातून रेल्वे नेऊ नये म्हणणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

खाली उतरायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. हिप्पो पूल्सला नदीकाठाने पायवाट आहे, बरोबर बंदूकधारी रेंजर येतो, तो सांगेल तसं चाला. पाणघोडे बहुतेक वेळ पाण्यातच असतात, त्यामुळे नाकपुड्या आणि कान एवढ्यावर समाधान माना. मगरी काठावर लाकडासारख्या पडलेल्या असतात, पोरांचा हात धरून ठेवा. डबा किंग्फिशरच्या पिकनिकच्या जागी उघडा, पण एकाने माकडांवर नजर ठेवायला उभं राहायचं. पाठ फिरली की दशमी गेलीच. १९८९ साली तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डॅनियल अरॅप मोई यांनी जप्त केलेले बारा टन हस्तिदंत जिथे जाळले ती जागाही पार्कातच आहे. तिथे पाच मिनिटं पुरतात, पण चुकवू नका.

बाहेर

दहा-साडेदहानंतर ऊन चढतं आणि जनावरं सावलीला बसतात. तिकीट दिवसभराचं आहे म्हणून पैसे वसूल करायला दुपारभर आत फिरण्यात अर्थ नाही, म्हातारी माणसं आणि पोरं पार आंबून जातात. हत्ती बघायचेच असतील तर शेल्ड्रिक संस्थेच्या अनाथ पिल्लांच्या नर्सरीत सकाळी अकरा ते बारा या वेळात जाता येतं, पण त्याची नोंदणी आधी करावी लागते आणि तिथे मागाडी रोडकडच्या वेगळ्या गेटाने जायचं असतं. म्हणून तो बेत असेल तर दहालाच मुख्य गेट सोडा.

रात्रीच्या विमानाने मुंबईला जाणाऱ्यांनी घरी येऊन बॅगा भरताना यलो फीव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवावं, चेक-इनच्या बॅगेत नको. केनियाहून आलेल्यांना भारतात उतरल्यावर ते दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.