टाइमआउट आला म्हणून लगेच दुसरं कार्ड जोडू नका
चालू व्हीएमला (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) नेटवर्क कार्ड जोडणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ३० सेकंदांचा टाइमआउट पक्का लिहून ठेवू नका. तो कॉन्फिग फाइलमधून, म्हणजे सेटिंग्जच्या वेगळ्या फाइलमधून, येऊ द्या. होस्टवर (व्हीएम ज्या खऱ्या मशीनवर चालतं त्यावर) लोड असला की तेच काम बराच वेळ रेंगाळतं. खरी गोची पुढे होते. टाइमआउट म्हणजे आपण वाट पाहणं थांबवलं, काम थांबलंच असं नाही. कार्ड मागाहून गुपचूप जोडलं जातं, आपण परत कमांड मारतो आणि व्हीएममध्ये दोन कार्डं! म्हणून मॅक अॅड्रेस (कार्डाची ओळख पटवणारा क्रमांक) स्वतःच ठरवून द्या आणि पुन्हा प्रयत्न करण्याआधी ‘व्हर्श डोमआयएफलिस्ट’ (virsh domiflist) या व्हीएमची नेटवर्क कार्डं दाखवणाऱ्या कमांडमध्ये तो दिसतोय का बघा. क्यू३५ मशीनवर (व्हीएमच्या आभासी मदरबोर्डचा एक प्रकार) रिकामा पीसीआय-ई रूट पोर्टच, म्हणजे कार्ड बसवायची जागाच, नसेल, तर मात्र टाइमआउट कितीही वाढवा, कार्ड बसणार नाही.