हद्द कायम मोजणीत या चुका टाळा

शेताची मूळ हद्द जमिनीवर दाखवून देणाऱ्या हद्द कायम मोजणीतली सर्वांत घातक चूक साखळी अंथरण्यापूर्वीच होते: बांधावरचा जवळचा दगड जुन्या मोजणीतील खुणेचा समजून तेथूनच काम सुरू करणे. भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा कर्मचारी, म्हणून नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ती माझ्याही हातून घडली. विहिरीलगतचा दगड आजोबांच्या काळापासून तेथेच आहे, असे दोन्ही शेजारी सांगत होते आणि ऊन चढण्यापूर्वी काम आटोपावे म्हणून मी त्यावर विसंबलो. टिपणावरील, म्हणजे जुन्या मोजणीची मापे नोंदलेल्या कच्च्या नकाशावरील, अंतरे मांडत गेलो, तर हद्द शेजाऱ्याच्या डाळिंबांच्या पहिल्या ओळीवरून गेली. दुसऱ्या दिवशी गावाच्या शिवेचा दगड आणि तीन गट मिळतात तेथला दगड शोधून काढला. त्या दोहोंमधील अंतर टिपणाशी जुळले, विहिरीजवळचा दगड मात्र चार आणे सरकलेला निघाला. साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे १६, म्हणजे ही चूक सव्वाआठ फुटांची होती. बुंध्याशी उकरले, तर दगड जेमतेम वीतभर गाडलेला आणि खाली विहिरीतून निघालेला मुरूम होता. तेव्हापासून एकमेकींशी जुळणाऱ्या तीन खुणा मिळाल्याशिवाय मी हद्द दाखवत नाही, मग त्यासाठी दोन गट पलीकडे चालत जावे लागले तरी चालेल.

उपग्रहांच्या साहाय्याने स्थान मोजणारे रोव्हर यंत्र आल्यापासून नव्या भूकरमापकांना ही पायपीट नकोशी वाटते, याचे मला वाईट वाटते. ज्या बिंदूवर रोव्हर उभा केला त्याचे स्थान तो काही सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगतो. तो बिंदू जुन्या मोजणीतील खूण आहे की नाही, हे माणसालाच तपासावे लागते. १:१००० च्या नकाशावरील अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अर्धा मीटर रुंद होते, त्यामुळे कागदावरून उचललेल्या हद्दीला सेंटिमीटरची अचूकता लावणे चुकीचे आहे.

सातबाऱ्यावर क्षेत्र असते, हद्द नसते. म्हणून क्षेत्र भरत नाही एवढ्याच कारणाने रेघ शेजाऱ्याकडे सरकवू नये. मोबाइलवरील ॲपने काढलेली हद्द वादात उपयोगाची नाही. उभ्या उसात मोजणी मागवू नये. लगतच्या धारकांना नोटीस पोहोचल्याची खात्री केल्याशिवाय शेतात उतरू नये. मोजणी मान्य नसेल, तर बांधावर भांडण्याऐवजी निमताना मोजणीचा, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा, अर्ज करावा.

हद्दीवर टाकलेली चुन्याची फक्की पहिल्याच पावसात वाहून जाते, म्हणून भूकरमापक शेतात असतानाच दोन्ही शेजाऱ्यांसमोर दगड निदान दोन फूट खोल गाडून घ्यावेत.