वेंगुर्ल्याहून कीलला: एका सेमिस्टरची तयारी

ऑक्टोबर २०२५ ते फेब्रुवारी २०२६ मी जर्मनीत कीलला एक सेमिस्टर केलं. परत आल्यापासून कॉलेजातल्या मुलींचे फोन येतात आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न थंडीचा असतो. थंडीचं सोपं आहे, जाड जॅकेट तिथेच घ्या. खरं जपायचं ते कागदांच्या क्रमाला. मुंबईतल्या मुलीचा एखादा कागद राहिला तर ती दुपारी जाऊन देऊन येते. आपल्याला त्याच कागदासाठी रात्रीची गाडी पकडावी लागते.

सुरुवात परत येण्यापासून करा. लर्निंग ॲग्रीमेंट नावाचा एक कागद असतो. तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरायचा, ते त्यात दोन्हीकडच्या सह्यांनी ठरतं. निघण्याआधी तो पूर्ण झालाच पाहिजे. तिकडे एका सेमिस्टरचा पूर्ण भार ईसीटीएस या युरोपीय पद्धतीने ३० क्रेडिटचा असतो आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. म्हणून इथल्या सवयीने सहा-सात विषय भरू नका. माझी चूक सांगते. माझ्या दोन विषयांच्या वेळा एकमेकींवर आल्या, तेव्हा मी तिथल्या सरांना विचारून एक विषय बदलला, पण आमच्या विभागप्रमुखांना कळवलं नाही. परत आल्यावर तो विषय धरला गेला नाही आणि इथला पेपर मला वेगळा द्यावा लागतोय. विषय बदललात तर त्याच दिवशी दोन्हीकडे ईमेल करा आणि सुधारित कागदावर सह्या घ्या. तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. हे गुण आपल्या पद्धतीत कसे बदलणार, तेही आधीच लेखी मागून घ्या.

मग पैसे. शिष्यवृत्ती नसेल तर राहण्याखाण्याचा खर्च झेपेल हे व्हिसासाठी दाखवावं लागतं. मी गेले तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटसाठी महिन्याला ९९२ युरो धरत होते, म्हणजे सहा महिन्यांचे ५,९५२. ते पैसे आपलेच असतात, फक्त तिथे गेल्यावर दर महिन्याला थोडे थोडे हातात येतात. बाबांनी बागायतीचे पैसे आणि थोडं कर्ज मिळून ते उभे केले. तालुक्याच्या शाखेत परदेशी पैसे पाठवण्याचं काम रोज होत नाही, त्यामुळे तीन आठवडे हाताशी ठेवा.

व्हिसाची अपॉइंटमेंट मुंबईत, आणि हिवाळी सेमिस्टरसाठी ती नेमकी पावसाळ्यात येते. तेव्हा कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात, कुठे दरड आली तर तासन् तास उभ्या राहतात. कोकणकन्याने पहाटे उतरून त्याच सकाळी अपॉइंटमेंट गाठायचा हिशेब करू नका. एक दिवस आधी पोचा, मावशीकडे, काकांकडे, कुठेही मुक्काम करा. गणपतीनंतरचा आठवडा टाळाच, चाकरमानी परतत असतात आणि गाडीत पाय ठेवायला जागा नसते. तिकीट ६० दिवस आधी खुलं होतं, त्याच सकाळी काढा. व्हिसा हातात आला की तारखा वाचा. परीक्षा फेब्रुवारीत असतात, तो त्यानंतरही पुरला पाहिजे.

बॅगेबद्दल मी मनापासून लिहिणार आहे, कारण घरी सगळ्यात जास्त बोलणं यावरच झालं. आजीने विचारलं होतं, "थंय सोडे गावतले काय गो?" नाही गावत. पण न्यायला हरकत नाही. युरोपीय संघात माणशी २० किलोपर्यंत मासे आणि माशांचे पदार्थ स्वतःसाठी नेता येतात. मांस आणि दूध मात्र कुठल्याच रूपात नाही, त्यात तूप आणि पेढेही आले. हापूस नको, बहुतेक ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नारळाला त्यातून सूट आहे. सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र बॅगेत घालू नका; तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं आणि सामानातून काढून ठेवतात. मी सोडे, आमसुलं, तिरफळं, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला नेला. मसाला दोन पिशव्यांत बांधून वर डब्यात. नारळाचं दूध तिथल्या एशियन दुकानात डब्यात मिळतं, सोलकढी त्यावर होते. सोडे शिजवायचे तर सामायिक स्वयंपाकघरातल्या मुलींना आधी सांगा, खिडकी उघडा आणि त्यांनाही एक वाटी द्या. माझ्या शेजारणीने तिसऱ्यांदा स्वतःहून मागितले.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी स्टुडेंटेनवेर्ककडे करा, ही संस्था विद्यार्थ्यांच्या खोल्या बघते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो, तो किल्लीबरोबरच मागा. आरोग्य विमा, बँक खातं, सिमकार्ड ही कामंही त्याच पंधरवड्यात उरका. परीक्षेसाठी नाव नोंदवण्याची वेगळी मुदत असते. वर्गात रोज बसलात तरी नाव नोंदवलं नसेल तर पेपर देता येत नाही. ती तारीख भिंतीवर लिहून लावा. रविवारी दुकानं बंद असतात, तांदूळ-भाजी शनिवारी आणा.

डिसेंबरात कीलला सूर्य चारच्या आधी मावळतो. मला पहिल्या आठवड्यात काही सुचेना, चारलाच दिवेलागण झाली की घर आठवायचं. मग मी दुपारी बारा ही वेळ बांधून घेतली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे होतात आणि आपल्यात साडेचार तासांचं अंतर पडतं, म्हणजे तिथे बारा वाजले की आईचा साडेचारचा चहा. उजेडात फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याच्या, काठाने चालत तिच्याशी बोलायचं. सुट्टी असेल तर फेरीबोटीने लाबोला जा, तिथे वाळूचा किनारा आहे. ओस्टसेला, म्हणजे बाल्टिक समुद्राला, भरती-ओहोटी जवळपास नसतेच आणि पाणी आपल्या समुद्राच्या अर्ध्याच्या आसपास खारट. मी पहिल्या दिवशी हाताचं बोट बुडवून चाटून बघितलं. आपल्या बंदरावर वाढलेल्या माणसाला ते पाणी परकं वाटतं, पण काठ काठच असतो, आणि मला तिथे बसून अभ्यासाची ताकद मिळायची.

निघण्याच्या आठवड्यात परीक्षा कार्यालयात जाऊन गुणपत्रक कधी आणि कुठल्या ईमेलवर येणार ते विचारा. माझं यायला सहा आठवडे लागले. पत्त्याची नोंदणी रद्द करा. खोली रिकामी करताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. अनामत रक्कम परत यायला वेळ लागतो, तेव्हा ती जमा झाल्याचं दिसेपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका.