आत काडी नसलेली उदबत्ती: जपानी सेन्को घरी कशी करावी

जपानी उदबत्तीत, म्हणजे सेन्कोत, बांबूची काडी नसते. मळलेला लगदाच वाळून काडी होतो, त्यामुळे सुगंधात बांबू जळल्याचा वास मिसळत नाही. मात्र काडीचा आधार नसल्याने सगळी भिस्त चिकटपणावर आणि वाळवण्यावर असते.

चिकटपणा येतो ताबूनोकी झाडाच्या सालीच्या पुडीने. ती मिळाली नाही, तर आपले अगरबत्तीवाले वापरतात ती जिगत पावडर घ्या.

पहिल्या खेपेला साधं प्रमाण ठेवा: १० ग्रॅम ताबूची पूड, ८ ग्रॅम चंदन, १ ग्रॅम दालचिनी, अर्धा ग्रॅम लवंग. जपानी कारागीर म्हैसूरच्या चंदनाला फार मानतात, तेव्हा चंदनात काटकसर नको. लवंग मात्र हात राखूनच घाला, नाहीतर बाकीचे वास दबतात. सगळं वस्त्रगाळ करून कोरडंच नीट मिसळा.

आता कोमट पाणी चमचा-चमचा घालत मळा. गोळा दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर थोडं पाणी हवं. बोटांना चिकटला तर पूड हवी. ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरू द्या आणि पुन्हा मळा. मग सुई नसलेल्या सिरिंजमधून सरळ फळीवर काड्या पाडा. दोन मिलिमीटर जाडी पुरे.

खरी कसोटी वाळवताना लागते. उन्हात ठेवू नका: वास उडतो आणि काड्या वाकतात. जपानच्या अवाजी बेटावरच्या एइ गावात १८५० पासून सेन्को बनते. हिवाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्यामुळे तिथे जहाजं निघत नसत, म्हणून गावाने हा जोडधंदा धरला. तोच वारा पुढे वाळवणीच्या कामी आला. कारखान्यांच्या भिंतींना तो हवा तेवढाच आत घेणाऱ्या फळ्यांच्या खिडक्या असतात. घरी सावलीची, हलक्या वाऱ्याची जागा शोधा. पंख्याचा थेट झोत नको. काड्या थोड्या घट्ट झाल्या की रोज अलगद फिरवा आणि वर हलकी फळी ठेवा, म्हणजे सरळ राहतील. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये.

चार-पाच दिवसांनी काडी मोडून पाहा. कट्कन तुटली तर वाळली. मग बंद डब्यात दोन आठवडे ठेवा, वास एकजीव होतो. जाळताना मध्येच विझली तर आधी आणखी वाळवा. तरीही विझत असेल तर पुढच्या खेपेला ताबूची पूड दोन ग्रॅमने वाढवा.