वाईनच्या बाटलीवरचा कर कसा काढायचा: ब्रिटन ते ऑस्ट्रेलिया

आकडेमोडीआधी एकच गोष्ट पाहा: त्या देशात कर कशावर लागतो? अल्कोहोलवर, लिटरवर की किमतीवर? इथे चूक झाली की पुढचा सगळा हिशोब वाया.

ब्रिटनमध्ये ऑगस्ट 2023पासून ड्युटी अल्कोहोलवर लागते. लेबलवर 14 टक्के असेल, तर 750 मिलीच्या बाटलीत 0.75 × 0.14 = 0.105 लिटर शुद्ध अल्कोहोल. फेब्रुवारी 2025च्या दराने, म्हणजे शुद्ध अल्कोहोलच्या लिटरला 29.54 पाउंड धरून, ड्युटी 3.10 पाउंड होते. बाटलीचा करापूर्वीचा भाव 4 पाउंड असेल तर बेरीज 7.10. व्हॅट 20 टक्के, तोही या बेरजेवर: 1.42. ग्राहकाला बाटली 8.52 पाउंडांना पडते. व्हॅट नुसत्या 4 पाउंडांवर लावलात तर भाव 62 पेन्सने कमी निघेल आणि तो फरक तुमच्या नफ्यातून जाईल. जुना तक्ता वापरू नका, 11.5 ते 14.5 टक्क्यांची वाईन सरसकट 12.5ची धरायची सवलत 31 जानेवारी 2025ला संपली. आणि दर लागतो तो माल बाँडमधून, म्हणजे ड्युटी न भरता माल ठेवायच्या गोदामातून, सुटला त्या दिवसाचा, विक्रीच्या दिवसाचा नाही.

आयर्लंडमध्ये हिशोब लिटरवर. 5.5च्या वर आणि 15 टक्क्यांपर्यंतच्या साध्या वाईनला 100 लिटरमागे 424.84 युरो, म्हणजे बाटलीला 3.19, स्पार्कलिंगला, म्हणजे फसफसणाऱ्या वाईनला, दुप्पट. वर 23 टक्के व्हॅट. स्वस्त बाटलीवर याचा बोजा फारच जास्त पडतो, हे आम्हाला मुळीच पटत नाही.

जर्मनीत साध्या वाईनवर अबकारी कर शून्य, फक्त 19 टक्के व्हॅट. स्पार्कलिंगवर मात्र 1902 सालापासूनचा वेगळा कर: 100 लिटरला 136 युरो, बाटलीला 1.02. म्हणून बूच नीट पाहा. आतला दाब 3 बारपेक्षा कमी असला, तरी तारेने बांधलेलं मशरूमच्या आकाराचं बूच असेल तर हा कर लागतो.

ऑस्ट्रेलियात घाऊक किमतीवर 29 टक्के वाईन कर, मग करासह किमतीवर 10 टक्के जीएसटी. वायनरीतून थेट ग्राहकाला विकताना घाऊक भावच नसतो; तिथे द्राक्षाच्या वाईनसाठी किरकोळ किमतीचा निम्मा भाग धरता येतो.

यातली एखादी बाटली भारतात आणायची असेल, तर प्रवाशाला 2 लिटरपर्यंतच मद्य कस्टम्स ड्युटीशिवाय आणता येतं. 750 मिलीच्या दोन बाटल्या बसतात. तिसरी घेतली की 2.25 लिटर होतात.