स्टॉकच्या रोपांना औषध मारण्याआधी या चुका टाळा

लवंगेसारख्या वासासाठी मी दर हिवाळ्यात स्टॉक हे फुलझाड लावते. कोल्हापुरात परतीचा पाऊस सरला, की ऑक्टोबरात बी टाकायचं. पुढे पानाला भोक दिसलं की आपण आधी दुकानातून औषध आणतो, आणि खरी चूक तिथेच होते.

स्टॉक हा कोबी, मोहरी, मुळा यांच्या भावकीतला. त्यांची दुखणी याच्याकडे हमखास येतात. एका वर्षी मी कोबी काढलेल्या वाफ्यातच स्टॉक लावला आणि पंधरा दिवसांत पानांची चाळण झाली. पान उलटून पाहिलं तर बारीक हिरव्या अळ्या. काडीने डिवचलं की वळवळत मागे सरकायच्या आणि धाग्याला लोंबकळायच्या. कोबीवरचाच हा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. तेव्हापासून जागा दरवर्षी बदलते. अळ्या लहान असतानाच संध्याकाळी बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं जैविक औषध) फवारायचं, तेही पानाच्या खालून. अळी मोठी झाली की त्याचा फारसा उपयोग होत नाही. कोवळ्या रोपांवर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं असतील, तर ते काम उडद्या भुंगेऱ्याचं. त्यासाठी सुरुवातीचे तीन-चार आठवडे बारीक जाळी घाला.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. रोप मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं पडलं, की तहानलंय समजून आपण आणखी पाणी घालतो. ती असते रोपमर, जास्त पाण्यामुळेच आलेली. पडलेली रोपं मातीसकट काढा आणि पाणी तोडा. पुढच्या खेपेला गादीवाफा करा, मातीत वाळू आणि कुजलेल्या शेणखतात मुरवलेला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळा.

झारीने वरून पाणी घालू नका. स्टॉकचं पान लवदार, त्यावर थेंब तासन्‌तास राहतो. मग वरून पिवळे डाग आणि खालून पांढुरकी बुरशी, म्हणजे केवडा रोग. सकाळी बुडाशी पाणी द्या, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा.

शेंड्यावर मावा दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा मारा, नंतर निंबोळी अर्क. मावा अंगावर काढू नका, कारण तो विषाणू पसरवतो. विषाणू लागला की जांभळ्या फुलावर पांढऱ्या रेघा उमटतात, दिसायला सुंदरच. ‘नवी जात’ म्हणून ते झाड राखून ठेवणारे मी पाहिलेत. या रोगाला औषध नाही, झाड उपटून टाकावंच लागतं.

आता जी चूक बघून जीव तुटतो ती. विरळणी करताना लोक फिकट हिरवी रोपं आजारी समजून उपटतात. बऱ्याच जातींत तीच दुहेरी, भरगच्च फुलांची असतात, गडद हिरवी ती एकेरी. हा फरक थंडीत जास्त उठून दिसतो. पान फिकट असलं तरी खोड ताठ आणि वाढ जोमदार असेल, तर त्या रोपाला हात लावू नका.